ऱ्होड्सची दामाशाई : वादळात फेकलेल्या मालाचा हिशेब

प्रसंग असा. ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावरून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला निघालेलं एक लहान मालवाहू जहाज. चार खलाशी आणि चार व्यापाऱ्यांचा माल. दुसऱ्या रात्री वारा फिरतो, लाटा काठावरून आत येऊ लागतात, जहाज दबतं. तांडेल वरच्या थरातले वाइनचे 150 कुंभ समुद्रात टाकायला लावतो. जहाज हलकं होतं, तगतं आणि चौथ्या दिवशी बंदराला लागतं. तिघांचा माल शाबूत, चौथ्याचा बराचसा समुद्राच्या तळाशी. हे नुकसान कोणी सोसायचं?

ज्याचा माल त्याचं नशीब, हे सर्वांत सोपं उत्तर. ऱ्होड्सच्या नावाने जो नियम जगभर गेला तो नेमका याच्या उलट सांगतो: सर्वांसाठी जे दिलं गेलं, ते सर्वांनी मिळून भरून द्यायचं, तेही सारखं वाटून नव्हे, तर प्रत्येकाचा जेवढा पैसा त्या जहाजात अडकला होता त्या प्रमाणात. मराठीत यासाठी 'दामाशाई' हा अगदी नेमका शब्द आहे. दिवाळं निघालेल्या पेढीचे पैसे घेणेकऱ्यांना ज्या प्रमाणात वाटतात, तोच हिशेब इथे तोट्याचा करायचा.

जहाज कसं होतं, माल कसा रचला होता

वरचा प्रसंग नमुन्यादाखल घेतला आहे आणि त्यातल्या किमती हिशेब दिसावा म्हणून धरल्या आहेत, पण जहाज हवेतलं नाही. सायप्रसच्या कायरेनिया बंदराजवळ इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बुडालेलं एक व्यापारी जहाज 1960च्या दशकाच्या अखेरीस समुद्रतळावरून उकरून काढलं गेलं. लांबी सुमारे 14 मीटर. आत 400च्या आसपास मातीचे कुंभ, त्यातले बहुतेक ऱ्होड्सच्या घडणीचे. तळाला दगडी जात्यांचे 29 भाग, कण्याला धरून तीन ओळींत मांडलेले. सुमारे 10,000 बदाम. जेवणाची भांडी चार जणांपुरती, म्हणून खलाशी चार असं मानतात.

आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने या मांडणीत एक महत्त्वाची गोष्ट आहे. जाती विकायला नेलेली असोत वा नसोत, ती जहाजाचं नीरम, म्हणजे तोल राखणारं तळाचं वजन, म्हणूनही काम करत होती. त्यांच्यावर कुंभांचे थर होते. वादळात तळाची जाती काढायची तर वरचं सगळं आधी हलवावं लागेल, आणि ती काढली तर जहाज तोलच सोडेल. त्यामुळे समुद्रात जाणारा माल 'सगळ्यात स्वस्त' किंवा 'सगळ्यात जड' म्हणून निवडला जात नाही, जो हाताशी असतो तो जातो. कोणाचा माल वर आला हे बहुधा भरणीच्या क्रमावर ठरतं, म्हणजे बंदरात कोणाची गाडी उशिरा पोहोचली यावर. अशा योगायोगाला एकाच माणसाने बळी पडावं हे व्यापाराला परवडणारं नव्हतं. कुंभात सुमारे 25 लिटर वाइन मावते असं धरलं तर 150 कुंभ म्हणजे पावणेचार टन नुसती वाइन, मातीचं वजन वेगळं. चार माणसांनी डोलत्या फळीवर एवढं उपसायचं.

हे ऱ्होड्समध्येच का

इ.स.पू. 408च्या सुमारास लिंडोस, इयालिसोस आणि कामिरोस या बेटावरच्या तीन गावांनी एकत्र येऊन उत्तर टोकाला ऱ्होड्स शहर वसवलं. इजिप्तचं धान्य एजियन समुद्रात जायचं तर वाटेत हे बेट. बेटाची स्वतःची पैदास तुटपुंजी, पोट भरायचं ते येण्याजाण्याच्या मालावर. इ.स.पू. 305–304मध्ये डिमीट्रियस या मॅसेडोनियन सेनापतीने वेढा घातला तेव्हा शहर तगलं, आणि त्याने मागे टाकलेली वेढ्याची यंत्रं विकून आलेल्या पैशातून कोलोसस नावाचा तो प्रसिद्ध महापुतळा उभा राहिला. त्यापुढची शंभर-सव्वाशे वर्षं हे बेट चाच्यांविरुद्ध आरमार बाळगणारं, व्यापारी मार्ग खुले ठेवणारं बंदर होतं. बायझँटियमने (आजचं इस्तंबूल) काळ्या समुद्राच्या तोंडाशी जहाजांवर कर बसवला तेव्हा इ.स.पू. 220मध्ये ऱ्होड्सने त्याविरुद्ध युद्ध पुकारलं आणि तो कर उठवायला लावला.

या बंदराचं उत्पन्न एकेकाळी वर्षाला 10 लाख द्राख्मे (ग्रीक चांदीची नाणी) होतं. जकात शेकडा 2 धरली तर वर्षाला 5 कोटी द्राख्म्यांचा माल इथून हलत होता. हा व्यापार एका जहाजाला एक मालक अशा पद्धतीने चालत नव्हता. कर्ज काढून थोडा थोडा माल घेणारे अनेक व्यापारी एकाच जहाजात बसत, वेगवेगळ्या शहरांचे, वेगवेगळ्या कायद्यांचे. अशा बंदरात नियम एकच आणि सगळ्यांना आधीच ठाऊक असावा लागतो, नाहीतर प्रत्येक वादळानंतर धक्क्यावर भांडण.

ऱ्होड्सच्या मूळ कायद्याची एक ओळही आज शिल्लक नाही. जे हाती आहे ते रोमन कायदेपंडितांच्या तोंडून आलेलं: सम्राट जस्टिनियनच्या इ.स. 533च्या कायदेसंकलनात 14व्या पुस्तकातलं दुसरं प्रकरण, शीर्षक 'फेकलेल्या मालाविषयीचा ऱ्होड्सचा कायदा'. त्यामुळे खालचे बारकावे ऱ्होड्सच्या न्यायालयाचे की रोमन पंडितांनी घातलेले, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं काढता येत नाही. मूळ रिवाज मात्र रोमन नव्हता. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या अथेन्सच्या एका सागरी कर्जखतात हजारी 225 द्राख्मे व्याज ठरलं आहे, मोसम उलटून परतल्यास हजारी 300, आणि परतफेडीतून दोन वजावटी मान्य आहेत: शत्रूला द्यावे लागलेले पैसे, आणि जहाजावरच्या सर्वांनी मिळून ठरवून फेकलेला माल. 'मिळून ठरवून' ही अट म्हणजे या सगळ्या कायद्याचं बीज आहे.

हिशेब

व्यापारी क : वाइनचे 200 कुंभ, खरेदी कुंभामागे 8 द्राख्मे, अलेक्झांड्रियात विक्री 12. यातले 150 समुद्रात गेले, 50 उरले.
व्यापारी ख : जाती, उतरत्या बंदरातली किंमत 600.
व्यापारी ग : तेल आणि बदाम, 1,600.
व्यापारी घ : कमरेच्या थैलीत मोती, 4,000.
जहाज : 4,000.

पहिली पायरी, तोटा ठरवणं. फेकलेल्या मालाची किंमत खरेदीच्या भावाने धरायची, म्हणजे 150 गुणिले 8, 1,200 द्राख्मे. दुसरी पायरी, वाचलेल्या मालाची किंमत. ती मात्र विक्रीच्या भावाने: क-चे उरलेले 50 कुंभ 600, ख 600, ग 1,600, घ 4,000, जहाज 4,000. बेरीज 10,800. तिसरी पायरी अनेकांच्या नजरेतून सुटते: या बेरजेत फेकलेल्या मालाचे 1,200 मिळवायचे. एकूण 12,000. तोटा 1,200, म्हणजे प्रत्येकी 10 टक्के.

घ देणार 400, जहाजमालक 400, ग 160, ख 60. बेरीज 1,020. क स्वतः 180 सोसणार, 60 उरलेल्या कुंभांवर आणि 120 गेलेल्यांवर. त्याच्या हातात पडणार 1,020.

तिसरी पायरी गाळली तर क-ला गेलेल्या मालापोटी काहीच सोसावं लागत नाही, आणि ज्याचा सगळाच माल फेकला गेला तो शंभर टक्के भरपाई घेऊन मोकळा होतो. म्हणजे ज्याचं फेकलं तो फायद्यात आणि ज्याचं वाचलं तो तोट्यात. उद्देश सगळ्यांना एकाच पातळीवर आणण्याचा आहे.

दोन भाव का? गेलेला माल खरेदीच्या भावाने, कारण भरपाई नुकसानीची आहे, हुकलेल्या नफ्याची नाही. क-ला विक्रीचा भाव दिला असता तर तोटा 1,800 झाला असता, एकूण 12,600, आणि प्रत्येकाचा वाटा 10 टक्क्यांवरून 14.3 टक्क्यांवर गेला असता. बंदरात भाव पडले असोत, गिऱ्हाईक मिळो न मिळो, क-चा नफा इतरांनी पक्का करून दिला असता. वाचलेला माल मात्र विक्रीच्या भावाने, कारण त्याचा मालक आता तो विकून खरोखरच तेवढे पैसे करणार आहे.

भांडणं कुठे उभी राहतात

पहिलं भांडण मोत्यांचं. घ म्हणणार, माझ्या थैलीचं वजन पावशेर नाही, जहाज माझ्यामुळे दबलं नव्हतं, मी 400 का देऊ? वजनावर गेलं तर त्याचं म्हणणं बिनतोड आहे. पण रोमन पंडितांनी स्पष्ट सांगितलं की रत्नं, मोती, अंगावरचे कपडे, बोटातली अंगठीसुद्धा हिशेबात येते. जहाज बुडालं असतं तर काय गेलं असतं, हा प्रश्न आहे. जहाज कशाने बुडत होतं, हा नाही. मोती वगळले तर एकूण 8,000 उरतात आणि दर 15 टक्क्यांवर जातो, म्हणजे घ-चा भार जात्यांच्या आणि तेलाच्या व्यापाऱ्यांवर पडतो. सूट होती ती फक्त खाण्यासाठी बरोबर घेतलेल्या शिध्याला. प्रवासात शिधा कमी पडला तर ज्याच्याकडे जे असेल ते सगळ्यांत वाटलं जातंच, असं कारण दिलं आहे. स्वतंत्र माणसाच्या देहाचं मोल करता येत नाही, म्हणून प्रवाशांचे जीव हिशेबाबाहेर. गुलाम मात्र त्या जगात माल म्हणूनच नेले जात. वादळात महागडा घोडा फेकावा की स्वस्तातला गुलाम, हा प्रश्न ऱ्होड्सच्याच हेकाटोन या तत्त्वज्ञाने मांडल्याचं रोमन लेखक सिसेरोने नोंदवलं आहे. या कायद्याचं कौतुक करताना हा प्रश्न दडवून ठेवू नये.

दुसरं भांडण डोलकाठीचं. वाऱ्याने डोलकाठी मोडली तर ती जहाजमालकाची. लोहाराचा घण काम करताना तुटला म्हणून तो गिऱ्हाइकाकडे घणाचे पैसे मागत नाही, हाच दाखला रोमन ग्रंथात दिला आहे. पण जहाज उलटू नये म्हणून तीच डोलकाठी कुऱ्हाडीने तोडली तर ती सर्वांच्या हिशेबात येते. फरक नुकसानीच्या आकड्यात नाही, हेतूत आहे. त्यामुळे पुरावा महत्त्वाचा: बुंधा पिळवटून फाटलेला दिसतो की कुऱ्हाडीचे घाव दिसतात.

तिसरं, चाच्यांचं. जहाज सोडवायला खंडणी दिली तर ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. पण चाच्यांनी एकाचा माल लुटून नेला तर तो त्याचा त्याने सोसायचा, कारण तो कोणी सर्वांसाठी दिलेला नव्हता. वरवर निर्दय वाटतं, पण रेघ तीच आहे: दिलेलं आणि गेलेलं यांतली.

चौथं, पडावाचं, म्हणजे माल उतरवायच्या लहान होडीचं. जहाज खोल बसतं, नदीच्या मुखात शिरत नाही, म्हणून थोडा माल पडावात उतरवला आणि पडाव बुडाला. जहाज वाचावं म्हणून माल उतरवला, म्हणून तो फेकल्यासारखाच धरायचा. उलट जहाजच बुडालं आणि पडाव वाचला तर पडावातल्या मालवाल्यांनी काही द्यायचं नाही. वर्गणी तेव्हाच, जेव्हा त्या त्यागाने जहाज वाचलं.

पाचवं मला सर्वांत बोलकं वाटतं. वादळात खिळखिळं झालेलं एक जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिप्पोला लागलं, तिथे तात्पुरती दोर-शिडं चढवली आणि मग ते रोमच्या ओस्टिया बंदरात पोहोचलं. माल सगळा शाबूत. मालवाल्यांनी डागडुजीचा खर्च वाटून घ्यावा का? उत्तर, नाही. तो खर्च जहाज सज्ज करायला झाला, माल वाचवायला नव्हे, आणि जहाज सज्ज ठेवणं हे भाडं घेणाऱ्याचं कामच आहे. असा नकार नसता तर प्रत्येक जुनाट जहाजाचा मालक दुरुस्तीचं बिल वादळाच्या नावावर फाडू लागला असता.

पैसे हातात कसे पडतात

नियम कितीही चांगला असला तरी क-ला तीन वेगवेगळ्या शहरांच्या माणसांमागे धावावं लागलं असतं तर 1,020 द्राख्मे कधीच मिळाले नसते. रोमन पंडितांनी त्याला कराराची वाट दाखवली. क-चा वाहतुकीचा करार जहाजाच्या प्रमुखाशी आहे, म्हणून क-ने दावा त्याच्यावर लावायचा. प्रमुखाचे करार बाकीच्या प्रत्येकाशी आहेत, म्हणून त्याने तो त्यांच्यावर लावायचा. आणि प्रमुखाच्या हातात खरं शस्त्र आहे: माल अजून त्याच्या जहाजात आहे. वाटा भरेपर्यंत तो माल उतरवू देत नाही. दावा, साक्षी, निकाल यांपेक्षा हे अडवून धरणंच कामाला येतं.

ग-चं दिवाळं निघालं असेल तर? त्याचे 160 बुडाले तर ते प्रमुखाच्या खिशातून जात नाहीत, कारण प्रत्येक मालवाल्याची ऐपत तपासत बसणं त्याच्याकडून अपेक्षित नाही, असं उत्तर मिळतं.

समुद्रात टाकलेला माल बेवारस होत नाही, हेही ठरलेलं होतं. ओझं जड झालं म्हणून वाटेत ठेवून मदत आणायला गेलेल्या माणसासारखा तो मालक. कुंभ किनाऱ्याला लागले तर ते क-चेच.

किनाऱ्याला लागलेला माल

इथेच हा कायदा राज्यसत्तेला भिडतो. निकोमीडियाच्या युडेमन नावाच्या माणसाने रोमन सम्राट अँटोनायनसकडे अर्ज केला की आमचं जहाज फुटलं आणि सिक्लेडीज बेटांवरच्या सरकारी वसुलीदारांनी आम्हाला लुटलं. सम्राटाच्या उत्तराचा आशय असा: जगाचा स्वामी मी असेन, पण समुद्राचा स्वामी कायदा आहे, आमच्या एखाद्या कायद्याला आडवा येत नसेल तिथे निवाडा ऱ्होड्सच्या सागरी कायद्याने व्हावा.

आपल्या किनाऱ्यावरचा रिवाज नेमका उलट होता. 1674मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन राज्याभिषेकाच्या निमित्ताने रायगडावर तहाची कलमं घेऊन आला, त्यात फुटून किनाऱ्याला लागलेली इंग्रज जहाजं आणि माल परत मिळावा ही मागणी होती. शिवाजी महाराजांच्या दरबारातून आलेला आक्षेप इंग्रजांच्या कागदांत आहे: वादळाने किनाऱ्यावर आलेली गलबतं परत देणं कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि इंग्रजांना ही सवलत दिली तर फ्रेंच, डच, सगळेच ती मागतील. किनारा ज्याच्या हातात त्याला फुटलेल्या जहाजात हक्क दिसतो. पोट समुद्रावर अवलंबून असलेल्या बंदराला तोच माल परत देण्यात फायदा दिसतो, कारण पुढच्या मोसमात तेच व्यापारी पुन्हा यायला हवे असतात.

बंदर गेलं, नाव राहिलं

इ.स.पू. 166च्या सुमारास रोमने डेलॉस बेट अथेन्सच्या ताब्यात देऊन करमुक्त बंदर केलं. ऱ्होड्सचं बंदरी उत्पन्न 10 लाखांवरून 1,50,000 द्राख्म्यांवर आलं. पण कायद्यावरचं नाव पुसलं गेलं नाही. इ.स. 600 ते 800च्या दरम्यान बायझंटाइन (पूर्व रोमन) प्रदेशात तयार झालेली एक संहितासुद्धा 'ऱ्होड्सचा सागरी कायदा' म्हणूनच ओळखली गेली, आणि ती वाचताना जहाजाचा वास येतो. प्रवाशाला जागा तीन हात लांब, एक हात रुंद. जहाजावर मासे तळायचे नाहीत, लाकूड फोडायचं नाही, पाणी मापून. सोनं बरोबर असेल तर प्रमुखाकडे ठेवायचं. न ठेवता हरवलं म्हटलं तर दावा बाद. कमाईत साध्या खलाशाचा एक वाटा, सुकाणूवाल्याचा आणि सुताराचा दीड, प्रमुखाचे दोन, स्वयंपाक्याचा अर्धा. माल फेकण्याआधी प्रमुखाने जहाजावरच्या मालवाल्यांना विचारायचं आणि मत घ्यायचं. बुडालेली वस्तू आठ वाव (दोन्ही हात पसरल्याएवढं एक माप) खोलीवरून काढणाऱ्याला तिचा तिसरा हिस्सा, पंधरा वावांवरून काढली तर निम्मा, आणि किनाऱ्यालगत हातभर पाण्यात सापडली तर दहावा.

तेच गणित आज

भारताच्या 1963च्या सागरी विमा कायद्याचं कलम 66 उघडलं तर क-चे कुंभच दिसतात: सामायिक प्रवासात धोक्याच्या वेळी, सर्वांची मालमत्ता वाचावी म्हणून, स्वेच्छेने आणि वाजवीपणे केलेला असाधारण त्याग किंवा खर्च. धंद्यात याला 'जनरल ॲव्हरेज' म्हणतात. आकडेमोड चालते ती यॉर्क-अँटवर्प नियमांवर, ज्यांची ताजी आवृत्ती 2016ची. काही गोष्टी बदलल्या. दोन भावांची जुनी पद्धत गेली, दोन्ही बाजूंना आता मुख्यतः व्यापारी बीजकाची किंमत धरतात. प्रवाशाचं बरोबरचं सामान वगळतात. उघड्या डेकवरचा माल फेकला तर भरपाई तेव्हाच, जेव्हा तो तसा नेण्याची त्या व्यापारात मान्य रीत असेल.

अडवून धरण्याची रीत मात्र जशीच्या तशी आहे. 6 मार्च 2018 रोजी अरबी समुद्रात 'मर्स्क होनम' या कंटेनर जहाजाला आग लागली आणि पाच खलाशांचा जीव गेला. जहाजावर 7,860 कंटेनर होते. जनरल ॲव्हरेज जाहीर झालं आणि मालवाल्यांकडून मालाच्या किमतीच्या 42.5 टक्के बचावकार्यापोटी आणि 11.5 टक्के जनरल ॲव्हरेजपोटी हमी मागितली गेली. एकूण 54 टक्के. ज्याचा कंटेनर आगीपासून शंभर मीटर लांब आणि पूर्ण कोरडा होता, त्यालाही. 10 लाखांच्या मालावर 5 लाख 40 हजार. विमा असेल तर विमा कंपनी हमीपत्र देते आणि मालवाला फक्त बंधपत्रावर सही करतो. विमा नसेल तर रोख अनामत भरावी लागते, आणि ती भरेपर्यंत कंटेनर सुटत नाही.